किल्ट कोण नेसत असे?

स्कॉटलंडचा मनुष्य म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र उभे राहते. गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घागरा, जाड लोकरी मोजे, कमरेपुढे लोंबणारी केसाळ पिशवी, डोकीवर तिरपी टोपी आणि काखेत बॅगपाइप. बिस्किटांच्या डब्यावर हेच चित्र, कॅलेंडरावर हेच, सिनेमातही हेच. हायलंडर शिपायांशी महाराष्ट्राची गाठ फार पूर्वीच पडलेली आहे. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी उभ्या होत्या. पुढे हिंदुस्थानातील लोकांनी अशा पलटणींस ‘घागरा पलटण’ असे नाव ठेवले. त्या नावात थोडी थट्टा होती आणि पुष्कळसा धाकही होता.

परंतु डब्यावरच्या चित्राने आपले समाधान होऊ नये. पोषाखाविषयी विचारावयाचा खरा प्रश्न साधा असतो : तो रोजच्या रोज कोण वापरीत असे? सकाळी उठून, गाईगुरांचे पाहून, बाजारास जाताना अंगावर काय असे? पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली सुरू झाले. मधली ही एकवीस वर्षे आम्ही आजच्या विवेचनासाठी मुद्दाम निवडली आहेत. कारण किल्टाला रोजच्या वापरात जी काही थोडी जागा होती ती याच काळात आकसत गेली, आणि सणासमारंभात मात्र त्याची जागा याच काळात वाढत गेली.

प्रथम वस्तूची नीट ओळख करून घेऊ. किल्ट हा ‘घालावयाचा’ नसतो, नेसावयाचा असतो. आणि निऱ्या म्हणजे काय हे आपल्या श्रोत्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की किल्टाच्या निऱ्या मागे असतात व त्या शिंप्याने कायमच्या शिवून टाकलेल्या असतात. समोर दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि बाजूला चामडी पट्टे व बकले लावून ते आवळावयाचे. प्रौढ माणसाच्या चांगल्या किल्टाला एकेरी पन्ह्याचे सुमारे आठ वार कापड लागते. निरी घालताना चौकडीचा नमुना मागच्या बाजूस जसाच्या तसा जुळून आला पाहिजे, म्हणजे पाठीमागून पाहणाऱ्यास घडी आहे हे कळूसुद्धा नये. पलटणींत दुसरीही रीत आहे : प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच ठरावीक रेघ यावी अशी. दोन्ही प्रकारांत काम हाताच्या टाक्यांचे, व टाके शेकड्यांनी. आठ वार शुद्ध लोकर आणि इतकी मजुरी म्हटल्यावर हा पोषाख गरिबाचा नव्हे हे उघड आहे. आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

हा शिवलेला किल्ट फार प्राचीनही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील डोंगरी मुलखात, म्हणजे हायलंड्समध्ये, माणसे एक भलेमोठे लोकरी वस्त्र वापरीत. ते कमरेस पट्ट्याने बांधावयाचे, खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावर. पाऊस आला तर तेच डोकीवर, रात्र झाली तर तेच पांघरूण. आपल्या धनगराची घोंगडी डोळ्यांपुढे आणली तर कल्पना येईल. अठराव्या शतकात वरचा भाग निराळा करून फक्त खालचा भाग नेसण्याची चाल पडली, तोच आजचा किल्ट. ही युक्ती रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या मजुरांसाठी काढली अशी एक कथा आहे. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली ती पुन्हा पुढे आणून, ज्याला तुम्ही प्राचीन म्हणता तो पोषाख एका इंग्रजाने बनविला, असे म्हटले तेव्हा स्कॉटलंडात बराच गहजब झाला. कथा वादग्रस्त आहे. अर्धे वस्त्र नेसण्यास एखाद्या कारखानदाराची अक्कल लागतेच असे आम्हांस वाटत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १७४५ चे जॅकोबाइट बंड मोडल्यावर पार्लमेंटने १७४६ साली कायदा करून पुरुषांना व मुलांना हा पोषाख वापरण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे काळे पाणी. सूट होती ती फक्त सरकारी सैन्यातील शिपायांना. बंदी १७८२ साली उठली. पण छत्तीस वर्षांत गोरगरिबांची सवय मोडली ती मोडलीच. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या भेटीचा असा काही थाट मांडला की राजासकट सारे दरबारी टार्टनमध्ये, म्हणजे त्या चौकडीच्या लोकरी कापडात, दिसू लागले. राणी व्हिक्टोरिया व आल्बर्ट यांनी १८५२ साली बॅल्मॉरल खरेदी केले आणि आल्बर्टने त्या घराण्यासाठी एक टार्टन स्वतः आखले. अमुक कुळाचे अमुक टार्टन ही वाटणीसुद्धा पुष्कळशी याच शतकातली. बॅनकबर्नचे विल्सन हे मोठे विणकर व्यापारी. त्यांच्या पुष्कळ नमुन्यांना आधी नुसते आकडे होते, कुळांची नावे मागाहून चिकटली.

आता आपण एकोणीसशे तिसाच्या सुमारास एखाद्या हायलंड खेड्यात जाऊन पाहू. क्रॉफ्टर म्हणजे तुकडाभर जमीन खंडाने कसणारा, चार मेंढ्या व एखादी गाय राखणारा, शेत पुरेनासे झाले की मासेमारीस जाणारा शेतकरी. तो पीट नावाचे दलदलीतले इंधन खणून, वाळवून घरी आणतो, बटाटे लावतो, होडी ओढतो. त्याच्या अंगावर जाड कापडाची विजार, लोकरी गंजीफ्रॉक, वर जुना कोट आणि सपाट टोपी. रविवारी चर्चला जाताना काळा किंवा निळा सर्जचा सूट. बायकांच्या अंगावर लांब झगा व खांद्यावर शाल. किल्ट नेसून होडीत बसणे गैरसोयीचे, यंत्राजवळ उभे राहणे धोक्याचे, आणि हायलंडातील उन्हाळ्यात मिज नावाचे जे बारीक चावरे कीटक ढगाढगांनी येतात त्यांच्यापुढे उघडे गुडघे घेऊन गवत कापणे म्हणजे शिक्षाच. बहुतेक क्रॉफ्टरांच्या घरी किल्ट नव्हता, आणि नाही म्हणून कोणास खंतही नव्हती.

दोन प्रसंग सांगतो. १९३० च्या ऑगस्टची २९ तारीख. अटलांटिक समुद्रात दूर एकाकी असलेले सेंट किल्डा हे बेट त्या दिवशी ओस पडले. उरलेल्या ३६ माणसांनी स्वतः सरकारला विनंती केली होती की आम्हांला येथून हलवा. ‘हेअरबेल’ या सरकारी जहाजातून त्यांना मुख्य भूमीवर आणले. ही माणसे गेलिक भाषा बोलणारी, पक्षी पकडून व मेंढ्या पाळून राहणारी. जुन्या गेलिक जीवनाचा इतका अस्पर्श अवशेष दुसरीकडे क्वचितच मिळाला असता. आणि तेथील पुरुष हातमागावर स्वतः लोकरी कापड विणीत! असे असून त्या बेटाची जी प्रसिद्ध छायाचित्रे आहेत त्यांत पुरुष दिसतात ते जाड विजारी व कोट घातलेले. किल्ट दिसत नाही. बेटाच्या नावात मात्र ‘किल्ड’ आहे, पण त्याचा या वस्त्राशी काही संबंध नाही.

दुसरा प्रसंग याहून दारुण. युद्ध संपून दोन महिने होत नाहीत तोच १ जानेवारी १९१९ च्या पहाटे ‘आयोलेअर’ हे जहाज लुइस बेटाच्या स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून बुडाले. जहाजावर घरी परतणारे सुमारे २८० लोक होते. त्यांपैकी २०१ बुडाले, तेही घरचे दिवे दिसू लागल्यावर. हे बहुतेक आरमारी शिपाई होते. लुइसचे लोक दर्यावर्दी, म्हणून आरमाराच्या राखीव दलात त्यांची भरती मोठी. म्हणजे गेलिक बोलणाऱ्या अस्सल हायलंडरांची जी सर्वांत मोठी एकत्र चिता या काळाच्या तोंडाशी पेटली, तीत मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर खलाशाची विजार होती.

मग किल्ट होता कोणाच्या अंगावर?

पहिला मान जमीनदाराचा. हायलंडातले जहागीरदार आणि कुळांचे प्रमुख घरी असताना रोज किल्ट नेसत, व हा त्यांचा खरोखरीचा नित्याचा पोषाख होता. मळखाऊ रंगाचा, वापरून मऊ झालेला किल्ट, वर ट्वीडचे जाकीट, साधी चामडी पिशवी, जाड मोजे, भक्कम बूट आणि हातात काठी. हा दिवसाचा वेष आणि बिस्किटाच्या डब्यावरचा वेष यांत घरच्या धोतरात व लग्नातल्या पितांबरात असावे तेवढे अंतर. डोंगरात चालण्यास तो चांगला, याची ग्वाही नेसणारे सगळेच देतात. तिकडे रिपरिप पाऊस बारमाही. ओल्या झुडपांतून विजार घालून चालले की ती पोटरीस चिकटते व दिवसभर वाळत नाही. किल्ट गुडघ्यावर संपतो, आणि भिजलीच लोकर तर ती ऊब सोडीत नाही. कमरेभोवती निऱ्यांचे अनेक पदर असतात ते पाठीला उबदार. वसन म्हणून किल्टाची परीक्षा करावयाची तर ती याच ठिकाणी करावी, नृत्याच्या व्यासपीठावर नव्हे.

राजा पाचवा जॉर्ज, त्याचे पुत्र आठवा एडवर्ड व सहावा जॉर्ज हे तिघेही बॅल्मॉरलला गेले की किल्ट नेसत. दर सप्टेंबरात ब्रेमारच्या खेळांना राजघराणे हजर असे; तेथील छायाचित्रे साऱ्या साम्राज्यातील वर्तमानपत्रांत छापली जात आणि लोकांना वाटे, हायलंड म्हणजे हे. ऑगस्टच्या १२ तारखेस शिकारीचा हंगाम सुरू झाला म्हणजे लंडनहून येणारे श्रीमंत पाहुणेही हौसेने किल्ट शिवून घेत. त्यांच्या बंदुका वाहणारे व वाट दाखवणारे स्थानिक गडी पुष्कळदा जहागिरीच्या ठरावीक ट्वीडच्या सुटात असत. ते कापड मालकच त्यांना देई. मुंबईहून गेलेल्या एखाद्या प्रवाशाने जर पोषाखावरून तर्क केला असता तर लंडनचा सावकार हायलंडर आणि हायलंडर नोकर इंग्रज, असाच निष्कर्ष त्याने काढला असता.

या विनोदाला दुसरी बाजू आहे. युद्धात ज्यांना परतल्यावर जमीन देऊ असे आश्वासन दिले होते ते शिपाई परत आले, आणि जमीन मिळत नाही म्हणून लुइस व इतर बेटांवर त्यांनी मोठ्या शेतांत घुसून खुणा रोवल्या. लुइस बेट १९१८ साली साबण-कारखानदार लॉर्ड लीव्हरह्यूम यांनी विकत घेतले होते. मासे डब्यांत भरण्याचे मोठे कारखाने काढण्याची त्यांची योजना होती, आणि लोकांना हवी होती जमीन. १९२३ साली त्यांनी लुइसवरचे लक्ष काढून घेतले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘मेटागामा’ नावाचे जहाज स्टॉर्नोवेहून कॅनडास निघाले तेव्हा बेटावरची सुमारे ३०० माणसे, बहुतेक विशीतली, त्यात चढली. गेलिक बोलणाऱ्यांची संख्या १८९१ च्या खानेसुमारीत २ लाख ५४ हजार होती, ती १९३१ साली सुमारे १ लाख ३६ हजारांवर आली. माणसे जहाजात चढत होती, भाषा ओसरत होती, आणि टार्टनचा खप वाढत होता. या तीन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या हे ध्यानात ठेवल्यावाचून त्या काळच्या किल्टाकडे आम्हांस पाहता येत नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की हे सारे ढोंगच झाले. आम्हीही हा विषय हाती घेतला तेव्हा थोडेफार त्याच मताचे होतो. मत बदलले ते पलटणींचा इतिहास पाहताना.

बंदीच्या काळातही सैन्याला सूट होती हे वर सांगितलेच आहे. सामान्य माणसाच्या अंगावरून उतरलेला किल्ट टिकून राहिला तो शिपायाच्या अंगावर. दोन युद्धांच्या दरम्यान किल्ट नेसणाऱ्या पाच पलटणी होत्या : ब्लॅक वॉच, सीफोर्थ, गॉर्डन, कॅमेरॉन आणि आर्गाइल-सदरलंड. पर्थ, इन्व्हरनेस, स्टर्लिंग, ॲबर्डीन या गावांत आणि फोर्ट जॉर्जच्या किल्ल्यात त्यांची ठाणी. संध्याकाळी सुटी झाली की हे शिपाई खाकी डगला व किल्ट अशा वेषात गावात फिरत; शहरी माणसाला रस्त्यावर रोज दिसणारा किल्ट बहुधा हाच. आणि हे शिपाई कोण? नावे हायलंडची असली तरी यांतील पुष्कळ पोरे ग्लासगो, डंडी, फाल्कर्क अशा सखल भागातल्या कारखानी शहरांतली. डंडीच्या तागाच्या गिरण्यांत आपल्या बंगालचा ताग जाई. त्या गिरण्यांतल्या कामगारांची जी तुकडी युद्धावर गेली ती ब्लॅक वॉचची चौथी बटालियन. या मुलांच्या आज्यापणज्यांनी कदाचित कधी किल्ट पाहिलाही नसेल. त्यांना तो सरकारी कोठीतून मिळाला.

आणि खंदकात त्यांनी तो भोगला. निऱ्यांत चिखल भरला की त्याचे ओझे होई. थंडीत ओली कड गोठून तिची धार होई व गुडघ्याच्या मागे कातडे सोलून निघे. निऱ्यांच्या शिवणीत उवा घर करीत. १९१७ च्या जुलैत जर्मनांनी मस्टर्ड गॅस आणला तेव्हा तर उघड्या मांड्या म्हणजे जखमांना आमंत्रणच झाले. रंग झाकण्यासाठी किल्टावर खाकी कापडाचा आडपडदा बांधीत, म्हणजे ज्या टार्टनसाठी एवढे सोसावयाचे ते दिसत नसे ते नसेच. या सर्वांतून जे परत आले व जे परत आले नाहीत, त्यांच्यामुळे १९१८ नंतर किल्टाला एक निराळाच अर्थ आला. स्कॉटलंडच्या पुष्कळ गावांतील युद्धस्मारकांवर किल्टधारी शिपाई उभा आहे. फ्रान्समध्ये ब्योमाँ-हामेल येथे ५१ व्या हायलंड डिव्हिजनचे स्मारक १९२४ साली उभारले, त्यावरही तोच. एडिंबरोच्या किल्ल्यातील राष्ट्रीय स्मारक १९२७ साली उघडले. स्मृतिदिनाच्या दिवशी जो गिरणी कामगार कपाटातून जुनी टोपी काढून या पुतळ्यापुढे उभा राही, त्याला हा पोषाख कोणत्या शतकात कोणी काढला हे विचारण्याची कोणाची छाती होती?

हॅरी लॉडर यांची गोष्ट या ठिकाणी आठवते. हे रंगभूमीवरचे विनोदी गायक, त्या काळी जगभर प्रसिद्ध. जन्म एडिंबरोजवळच्या पोर्टोबेलोचा, तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले. हायलंडशी नाते म्हणावे असे काही नाही. आखूड किल्ट, वेडीवाकडी काठी आणि कंजूष स्कॉच माणसाच्या गमती यांवर त्यांनी अमेरिका जिंकली. १९१९ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. घरी मात्र शिकलेल्या स्कॉच लोकांस या गृहस्थांची लाज वाटे; कवी ह्यू मॅकडायरमिड यांच्यासारख्यांना तर त्यांचा मनस्वी तिटकारा होता. किल्ट नेसून ग्लासगोच्या रस्त्यावर निघालेल्या माणसास पोरे हाका मारीत, त्यात या रंगभूमीवरच्या नकलेचा वाटा मोठा होता. पण याच लॉडर यांचा एकुलता एक मुलगा जॉन आर्गाइल-सदरलंड पलटणीत कॅप्टन होता व १९१६ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये मारला गेला. विदूषकाचा किल्ट आणि हुतात्म्याचा किल्ट एकाच घरात होते.

सिनेमानेही हीच थट्टा उचलली. १९२७ च्या एका मूकपटात लॉरेल हा स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेला भाचा आहे. त्याचा किल्ट पाहून रस्त्यावर गर्दी जमते आणि बिचारा हार्डी त्याला विजार शिवण्यासाठी शिंप्याकडे ओढीत नेतो. १९३५ च्या ‘बॉनी स्कॉटलंड’मध्ये ही जोडी हायलंड पलटणीत भरती होऊन चक्क हिंदुस्थानात येते. सभेत किल्टाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून एक प्रश्न हटकून येतो, तो याच सिनेमांनी लोकांच्या डोक्यात भरविलेला. त्याचे उत्तर एवढेच की पलटणींत चाल आत काही न घालण्याची होती, पण नाचणाऱ्यांना व खेळाडूंना ती मुभा नव्हती. आता पुढे जाऊ.

मुलांचा किल्ट हा या काळचा एक खास प्रकार. मध्यमवर्गीय घरांतून मुलाला रविवारी व सणावारी किल्ट नेसवीत, आणि कित्येक जणांचा किल्टाशी संबंध तेवढ्यापुरताच. लांब विजारीचे वय झाले की तो धाकट्या भावाकडे जाई. डनब्लेनजवळ १९०८ साली निघालेल्या क्वीन व्हिक्टोरिया शाळेत शिपायांची मुले शिकत. त्यांना किल्टच गणवेष. स्काउटांच्या अनेक पथकांतही तो चाले, व सामान्य शहरी मुलाने डोंगरात तंबू ठोकून किल्ट खऱ्या अर्थाने मळविला तो या पथकांतच. मुली नृत्यस्पर्धांत पुरुषी थाटाचा किल्ट, जाकीट व छातीवर पदके असा वेष करीत. तो पाहून जुन्या मंडळींची मस्तके उठत. १९५० नंतर अबॉइन येथील खेळांच्या चालकांनी त्याला मज्जाव करून मुलींसाठी निराळा वेष सुचविला.

मोठ्या शहरांतील चळवळ्या मंडळींचाही एक वर्ग होता, लहान पण ठाम. ग्लासगोत पोटासाठी आलेले हायलंडर हजारोंनी होते. सेंट्रल स्टेशनच्या रुळांखाली, रस्त्यावरच्या पुलाच्या आडोशाला ते संध्याकाळी जमत, म्हणून त्या पुलाला लोक ‘हायलंडरांची छत्री’ म्हणत. गेलिक भाषेसाठी १८९१ साली स्थापन झालेल्या संस्थेचे मॉड नावाचे वार्षिक गायन-संमेलन भरे तेव्हा गायकवृंदातील पुरुष किल्टात येत. गावाकडे जे कधी नेसले नव्हते ते शहरात येऊन नेसू लागले. १९२३ साली ग्लासगोत लोकनृत्यांची संस्था निघाली आणि शिक्षक, कारकून, दुकानदार अशा माणसांना महिन्यातून चार संध्याकाळ किल्ट नेसण्याचे निमित्त मिळाले. १९२८ साली राष्ट्रीय पक्ष निघाला, १९३४ साली त्याचेच पुढे स्कॉटिश नॅशनल पार्टीत रूपांतर झाले. त्यांच्या सभांतही काही किल्ट दिसत. ही माणसे मुद्दाम ठरवून नेसत. जमीनदार सवयीने नेसे, शिपाई हुकमाने नेसे. हा तिसरा वर्ग मात्र हसणाऱ्यांची पर्वा न करता स्वखुशीने नेसणारा. आमच्या मते आजचा किल्ट या तिसऱ्या वर्गाचा वारस आहे.

शिंप्यांनी ही संधी सोडली नाही. दुकानात नावांची यादीच असे : तुमचे आडनाव अमुक, तर तुमचे मूळ कुळ तमुक, आणि त्याचे टार्टन हे पाहा. सखल भागातल्या ज्या आडनावांना कुळ नव्हते त्यांनाही ते मिळवून दिले जाई. संध्याकाळच्या मेजवानीसाठी मागे आखूड शेपट्या असलेले काळे जाकीट याच सुमारास रुळले आणि त्याला ‘प्रिन्स चार्ली’ हे नाव मिळाले. बंडखोर राजपुत्राने ते कधी पाहिले नव्हते हे सांगावयास नको. १९३८ साली टॉमस इनेस ऑफ लर्नी यांचे कुळे व टार्टन यांवरचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी ग्लासगोत बेलाहूस्टन बागेत साम्राज्य-प्रदर्शन भरले; एक कोटीहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्यात पोलाद व यंत्रे यांच्या भव्य दालनांशेजारी ‘ॲन क्लॅखन’ नावाचे एक नकली हायलंड खेडे उभारले होते, गवती छपरांच्या झोपड्यांसह. खऱ्या खेड्यांतून माणसे निघून जात असताना हे खेडे तिकीट काढून पाहण्यास रांगा लागल्या.

वर्षभरातच युद्ध आले. लष्करी खात्याने या खेपेस किल्टाला लढाईच्या वेषातून रजा दिली. कारणे वर आलीच आहेत, गॅसची भीती हे त्यांतले मुख्य. हायलंड संस्थांनी तक्रार केली, तिचा उपयोग झाला नाही. कॅमेरॉन पलटणीची पहिली बटालियन मात्र फ्रान्समध्ये किल्ट नेसूनच राहिली व १९४० च्या मे महिन्यात ला बासे कालव्यापाशी तशीच लढली. बटालियन म्हणून किल्टात लढाई देणारी ती शेवटची. पुढच्याच महिन्यात, १२ जूनला, ५१ व्या हायलंड डिव्हिजनचा मोठा भाग सेंट व्हॅलेरीस जर्मनांच्या हाती सापडला. १९४१ च्या जूनपासून कपड्यांवर कुपने आली, आणि आठ वार लोकर एका वस्त्रात घालण्याचे दिवस काही काळ संपले.

युद्धानंतर किल्ट पुन्हा दिसू लागला तो लग्नांत, पदवीदानात, फुटबॉलच्या सामन्यांत. टार्टनांची नोंद करण्यासाठी २००८ साली कायदा झाला व दुसऱ्या वर्षी सरकारी नोंदवही उघडली. आज स्कॉटलंडात नवरदेव बहुधा भाड्याने आणलेल्या किल्टात उभा असतो. पण भाड्याच्या त्या रांगेत एखादा किल्ट असाही निघतो की जो दुकानातला नसतो. रंग विटलेला, दोन युद्धांच्या मधल्या काळात शिवलेला, आजोबांचा. चांगली लोकर सहजी झिजत नाही, आणि कमरेची बकले दोन बोटे अलीकडे किंवा पलीकडे घेऊन शिवली की आजोबांचा किल्ट नातवाला बसतो.